"त्यापण बायकाच होत्या ना, बाई?" : समानतेच्या हिशोबातून सुटलेली स्त्री



२८ फेब्रुवारीला आपण शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. दरवर्षी मी वर्गाला सर सी. व्ही. रामन यांची गोष्ट सांगते. यावर्षी म्हटलं, जरा वेगळं काही सांगू या. म्हणून पाचवीच्या मुलांना कॅथरीन जॉन्सन यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या नासा संस्थेत काम करणाऱ्या या कृष्णवर्णीय गणितज्ञ बाईंनी अंतराळयानाच्या मार्गाचे हिशोब हाताने केले. १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा संगणकाने काढलेली आकडेमोड या बाईंनी तपासून द्यावी, असा त्यांनी आग्रह धरला होता. मुलांना गोष्ट फार आवडली.

मग मी सांगितलं की, त्या काळी तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांना जेवायला वेगळं टेबल होतं. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तिथे गोऱ्या बायकापण होत्या ना? मग त्या यांच्याबरोबर का नाही जेवल्या? त्यापण बायकाच होत्या ना?"

खरं सांगते, माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. "तेव्हा तसा नियम होता," एवढंच म्हणून मी पुढे गेले. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. नंतर जे वाचलं, समजून घेतलं, ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. विषय अमेरिकेचा आहे. कामाच्या ठिकाणी स्त्री-पुरुष समानता आणण्याचे प्रयत्न तिथे बरीच वर्षं चालू आहेत. त्या प्रयत्नांतून कृष्णवर्णीय स्त्री कशी सुटून गेली आणि तिला सामावून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे आपण पाहणार आहोत.

एकाच कामाचे दोन विभाग

व्हर्जिनिया राज्यातील लँगली येथे विमानांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. पुढे ती नासाचा भाग झाली. १९३५ पासून तिथे आकडेमोड करायला स्त्रियांना घेऊ लागले. तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हणजे यंत्र नव्हे, तर हिशोब करणारी व्यक्ती! या स्त्रिया गोऱ्या होत्या. पुरुष इंजिनीअरपेक्षा त्यांचा दर्जा आणि पगार कमी होता. म्हणजे त्यांच्यावरही अन्याय होताच.

पुढे दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली. संरक्षण उद्योगात वंशावरून भेदभाव करू नये, असा आदेश राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ मध्ये काढला होता. १९४३ पासून लँगलीत कृष्णवर्णीय स्त्रियाही येऊ लागल्या. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यांतल्या कितीतरी जणी आधी शिक्षिका होत्या. डोरोथी वॉन, मेरी जॅक्सन आणि कॅथरीन जॉन्सन या तिघीही शाळेत शिकवत होत्या.

पण त्यांची बसायची जागा वेगळी होती. गोऱ्या स्त्रियांचा विभाग पूर्वेला, यांचा पश्चिमेला. जेवणघरात त्यांच्या टेबलावर 'कलर्ड कॉम्प्युटर्स' अशी पाटी ठेवलेली असायची. मिरियम मान नावाच्या बाई ती पाटी उचलून पर्समध्ये टाकायच्या. काही दिवसांनी नवी पाटी यायची. बाई तीपण उचलायच्या! शेवटी पाटी यायची बंद झाली.

मेरी जॅक्सन यांना इंजिनीअर व्हायचं होतं. त्यासाठीचे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरत. तिथे बसता यावं म्हणून त्यांना शहराच्या प्रशासनाकडे परवानगी मागावी लागली. ती मिळाली आणि १९५८ मध्ये त्या नासातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला इंजिनीअर झाल्या. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. इंजिनीअर म्हणून त्या वरच्या श्रेणीपर्यंत पोहोचल्या, पण व्यवस्थापनाचं दार काही उघडेना. म्हणून १९७९ मध्ये त्यांनी स्वतःहून खालचं पद घेतलं आणि नासातल्या स्त्रियांना नोकरीत व बढतीत संधी मिळावी यासाठीच्या विभागात काम सुरू केलं. १९८५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या हेच काम करत होत्या. स्वतः अडलेल्या दारातून दुसऱ्यांना आत नेण्यासाठी एक बाई पायरी उतरली. आज वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला त्यांचं नाव आहे.

'घराबाहेर पडून काम करू द्या' हे कुणाचं मागणं?

आपल्याला स्त्रीमुक्तीचा इतिहास साधारण असा माहीत असतो : स्त्रिया घरात कोंडलेल्या होत्या, त्यांनी बाहेर पडून नोकरी करण्याचा हक्क मागितला. १९६३ मध्ये बेटी फ्रीडन यांचं 'द फेमिनिन मिस्टिक' हे पुस्तक आलं आणि अमेरिकेत या मागणीने जोर धरला. मागणी योग्यच होती. पण ती कोणाची होती? सुशिक्षित, मध्यमवर्गीय, गोऱ्या गृहिणींची. कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स यांनी पुढे नेमका हाच प्रश्न विचारला.

कारण कृष्णवर्णीय स्त्री कधी घरात बसलीच नव्हती. गुलामगिरीत ती शेतात राबली. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा ती दुसऱ्यांच्या घरी धुणं-भांडी, स्वयंपाक आणि मुलं सांभाळण्याचं काम करू लागली. १८८१ च्या उन्हाळ्यात अटलांटा शहरात धुणं धुणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी संप केला. सुरुवातीला जेमतेम २० जणी होत्या. तीन आठवड्यांत ही संख्या ३,००० च्या घरात गेली. काहींना अटक झाली, दंड झाले, तरी त्या हटल्या नाहीत. धुण्याला ठरावीक, सारखा दर मिळावा एवढंच त्यांचं मागणं होतं. 'समान वेतन' हा शब्द फलकावर येण्याआधी कितीतरी वर्षांची ही गोष्ट आहे.

आता कायद्याकडे पाहू. १९३५ मध्ये अमेरिकेत म्हातारपणाच्या पेन्शनचा सामाजिक सुरक्षा कायदा आला. १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला. दोन्ही कायदे चांगले. पण दोन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते. कायद्यात कुठेही 'कृष्णवर्णीय स्त्रियांना देऊ नये' असं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. १९४० च्या सुमारास नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के घरकामच करत होत्या! घरकामगारांना किमान वेतनाचा हक्क मिळायला १९७४ साल उजाडलं.

मुलांना एक गोष्ट इथे जरूर सांगावी : नियमात नाव न घेताही माणसाला बाहेर ठेवता येतं.

न्यायालयाला न दिसलेल्या पाच जणी

१९६४ मध्ये अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला. त्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता. पण काय झालं ते पाहा.

सेंट लुईस येथे जनरल मोटर्स कंपनीचा कारखाना होता. १९६४ पूर्वी ही कंपनी कृष्णवर्णीय स्त्रियांना जवळजवळ घेतच नव्हती. कायदा आल्यावर घेऊ लागली. पुढे मंदी आली आणि कंपनीने कामगारकपात केली. कपातीचा नियम साधा होता, जो शेवटी आला तो आधी बाहेर. दिसायला अगदी निःपक्षपाती! पण कृष्णवर्णीय स्त्रियांना आधी प्रवेशच नव्हता, म्हणून त्याच सगळ्यांत शेवटी आलेल्या होत्या. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली.

एमा डीग्राफेनरीड आणि इतर चार जणी न्यायालयात गेल्या. १९७६ मध्ये निकाल आला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं :

- स्त्री म्हणून भेदभाव झाला का? नाही. १९६४ पूर्वीही कंपनीत स्त्रिया होत्याच. (त्या गोऱ्या होत्या आणि ऑफिसात होत्या.)
- कृष्णवर्णीय म्हणून झाला का? त्यासाठी याच कंपनीविरुद्ध वेगळा दावा चालू आहे, त्यात सामील व्हा.
- मग 'कृष्णवर्णीय स्त्री' म्हणून? अशी दोन्ही कारणं एकत्र जोडून वेगळा गट मानता येणार नाही.

म्हणजे स्त्रियांच्या रांगेत उभं राहावं तर 'स्त्रियांना नोकरी मिळाली आहे की' असं उत्तर, आणि कृष्णवर्णीयांच्या रांगेत उभं राहावं तर तिथे दुसऱ्यांचा दावा. यांनी कोणत्या रांगेत उभं राहायचं?

पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने 'या विचारसरणीशी आम्ही पूर्ण सहमत नाही' अशा अर्थाची नोंद केली, पण या बायकांच्या हाती फारसं काही लागलं नाही. १९८० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात मात्र अपील न्यायालयाने मान्य केलं की, कृष्णवर्णीय पुरुषांशी आणि गोऱ्या स्त्रियांशी भेदभाव झालेला नसला, तरी कृष्णवर्णीय स्त्रियांशी तो होऊ शकतो.

१९८९ मध्ये कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ले क्रेनशॉ यांनी या खटल्यावर लिहिलं आणि त्यातून 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द रूढ झाला. शब्द मोठा आहे, पण उदाहरण त्यांनी सोपं दिलं आहे. चौक डोळ्यांसमोर आणा. एका रस्त्यावरून वंशभेदाची वाहनं येतात, दुसऱ्यावरून लिंगभेदाची. चौकाच्या मधोमध उभ्या असलेल्या बाईला धक्का कोणत्याही बाजूने बसू शकतो, कधी एकदम दोन्हींकडूनही बसू शकतो. तिला मदत करायला निघालेली गाडी जर 'आधी सांगा, धक्का नेमका कोणत्या रस्त्यावरच्या वाहनाचा?' असं विचारत उभी राहिली, तर बाई तिथेच पडून राहणार.

फळ्यावर मांडून पाहू

आपण गणित शिकवणारी माणसं. म्हणून एक कल्पित उदाहरण घेते. समजा, एका कंपनीत २० अधिकारी आहेत. पाच वर्षांत कंपनीने समानतेसाठी प्रयत्न केले आणि दोन अहवाल छापले.

पहिला अहवाल : महिला अधिकारी २ होत्या, आता ६ झाल्या. तिप्पट!
दुसरा अहवाल : कृष्णवर्णीय अधिकारी १ होता, आता ४ झाले. चौपट!

टाळ्या. आता हीच २० माणसं चार चौकटींत बसवू.

- गोरे पुरुष : १०
- गोऱ्या स्त्रिया : ६
- कृष्णवर्णीय पुरुष : ४
- कृष्णवर्णीय स्त्रिया : ०

दोन्ही अहवाल खरे. बेरीज बरोबर. तरी एक चौकट रिकामी. आणि ती रिकामी आहे हे दोन्ही अहवाल वाचून कळतच नाही. ज्या आकड्याचा वेगळा रकानाच नाही, तो आकडा कुणाला दिसणार? आपण निकालपत्रकात वर्गाची सरासरी ७० टक्के लिहितो आणि मागे राहिलेली चार मुलं त्या सरासरीत गडप होतात, तसंच हे.

पगार आणि बढती

आता खरे आकडे पाहू. अमेरिकेत पूर्णवेळ, वर्षभर काम करणाऱ्या गोऱ्या पुरुषाला १ डॉलर मिळतो, असं धरलं तर तशाच गोऱ्या स्त्रीला ८० सेंटच्या आसपास आणि कृष्णवर्णीय स्त्रीला ६५ सेंटच्या आसपास मिळतात. वर्षागणिक आकडा थोडा वरखाली होतो, पण चित्र हेच राहतं. मुलांसाठी छान शाब्दिक उदाहरण होईल : पुरुष १२ महिन्यांत जेवढं कमावतो तेवढं कमवायला या स्त्रीला किती महिने लागतील? १२ भागिले ०.६५, उत्तर साधारण साडेअठरा महिने. म्हणजे पुढच्या वर्षीचा जुलै उजाडतो! म्हणूनच तिथे सगळ्या स्त्रियांचा 'समान वेतन दिन' मार्चमध्ये पाळतात आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा अलीकडे जुलैमध्ये. सगळ्यांचा मिळून एकच दिवस ठेवला असता, तर मधले चार महिने कोणाला दिसलेच नसते.

सगळा फरक एकाच पदावरच्या पगारातला नसतो, हेही नीट सांगायला हवं. कोणतं काम वाट्याला येतं, बढती मिळते की नाही, हेही त्यात असतं. मॅकिन्झी आणि लीन इन या संस्था अमेरिकी कंपन्यांचा दरवर्षी अहवाल काढतात. २०२४ च्या अहवालानुसार पहिल्या व्यवस्थापक पदावर १०० पुरुषांना बढती मिळाली, तेव्हा स्त्रियांना मिळाली ८१ आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना ५४. शिडीची पहिली पायरीच मोडकी असेल, तर वर किती जणी दिसणार? अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपैकी एकीच्या प्रमुखपदी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, झेरॉक्सच्या उर्सुला बर्न्स, बसल्या त्या २००९ मध्ये.

केसांचीही अडचण

काही अडथळे असे असतात की ते दुसऱ्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. केसांचंच पाहा. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस दाट, कुरळे असतात. ते बारीक वेण्या घालून डोक्याला लगटून बांधणं ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. पण ऑफिसात 'नीटनेटके केस' म्हणजे सरळ केस, असा अलिखित नियम. १९८१ मध्ये रेनी रॉजर्स या विमान कंपनीतल्या कर्मचारी बाई अशा वेण्यांवरील बंदीविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि हरल्या. एका गोऱ्या नटीने चित्रपटात तशा वेण्या घातल्यावर ही फॅशन झाली, असाही मुद्दा त्या निकालात आला! ज्यांची परंपरा त्यांनाच नोकरीत बंदी आणि दुसरीने केली की फॅशन.

२०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने 'क्राउन' कायदा करून केसांच्या पोतावरून आणि अशा केशरचनांवरून भेदभाव करायला बंदी घातली. त्यानंतर २० हून अधिक राज्यांनी असे कायदे केले. हा नियम फक्त स्त्रियांच्या प्रश्नांच्या यादीत कधी आलाच नसता, कारण गोऱ्या स्त्रीला ही अडचणच नाही. शाळेत आपणही 'नीट केस विंचरून ये' म्हणतो. कोणाचे केस डोळ्यांपुढे ठेवून म्हणतो, हे एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही.

त्यांनी लढा दिला, फायदा सगळ्यांना झाला

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ हा भेदभावच आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मान्य केलं. तो खटला मिशेल विन्सन यांचा होता. वॉशिंग्टनमधल्या बँकेत काम करणारी ही कृष्णवर्णीय स्त्री. आज तिथल्या नोकरदार स्त्रियांना त्या निकालाचं संरक्षण आहे. 'मी टू' हे शब्द २०१७ मध्ये जगभर गाजले ते प्रसिद्ध नटीच्या आवाहनामुळे. पण टराना बर्क या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने २००६ पासूनच या नावाने काम सुरू केलं होतं, तेही गरीब वस्तीतल्या मुलींसाठी.

सगळ्यांत अडचणीत असलेल्या बाईसाठी दार रुंद केलं की इतर सगळ्या त्यातून सहज जातात. अरुंद दारातून आधी एक-दोघी आत गेल्या आणि दार तसंच राहिलं, तर बाहेरच्या बाहेरच राहतात.

सामावून घ्यायचं म्हणजे काय करायचं?

नुसतं 'सगळ्यांचं स्वागत आहे' असा फलक लावून भागत नाही. समजून घेतल्यावर मला हे मुद्दे महत्त्वाचे वाटले :

१. आकडे फोडून पाहणे. भरती, पगार, बढती, राजीनामे हे सगळं फक्त स्त्री-पुरुष असं न पाहता वंश आणि लिंग एकत्र धरून पाहावं. गट फार लहान असेल तर कोणाची ओळख उघड होणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

२. पगार उघड ठेवणे. पदाचा पगार जाहिरातीतच लिहिलेला असला की घासाघीस करणाऱ्याला जास्त आणि न करणाऱ्याला कमी, असं होत नाही. जुना पगार विचारून त्यावर नवा ठरवला, तर जुना अन्याय नव्या नोकरीत सोबत येतो.

३. बढतीचे निकष आधी लिहिणे. 'ती अजून तयार वाटत नाही' हा निकष नाही. काय केलं म्हणजे तयार, हे कागदावर हवं.

४. पाठीशी उभं राहणारा वरिष्ठ. सल्ला देणारे पुष्कळ असतात. बैठकीत 'हे काम हिला द्या' असं म्हणणारा लागतो.

५. तक्रारीच्या अर्जात एकाहून जास्त कारणं लिहिण्याची सोय. 'लिंग' किंवा 'वंश' यांतलं एकच निवडा म्हटलं की सेंट लुईसचीच पुनरावृत्ती.

६. समानतेचं सगळं काम त्यांच्याच गळ्यात न मारणे. समिती, भाषण, फोटो यांसाठी एकटीलाच बोलवायचं आणि बढतीच्या वेळी ते काम मोजायचं नाही, हा आणखी एक भार.

७. सफाई, स्वयंपाकघर आणि कंत्राटी कामातल्या स्त्रियांना धरणे. समानतेचा कार्यक्रम फक्त वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात झाला, तर अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया पुन्हा १९३८ च्या कायद्यासारख्या बाहेर.

"वेगळं कशाला? सगळ्याच स्त्रियांसाठी करा की!"

हा आक्षेप मी ही गोष्ट जिथे जिथे बोलले तिथे ऐकला. तो अगदीच चुकीचाही नाही. फार वाटण्या केल्या तर एकजूट कशी राहणार, अशी भीती असते. शिवाय वंश पाहून कोणाला नोकरी किंवा बढती देणं हे अमेरिकेच्या त्याच १९६४ च्या कायद्यात बसत नाही. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या केंद्र सरकारने आपले असे समावेशाचे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले आणि कंपन्यांमध्येही वाद सुरू झाला. मूळ कायदा मात्र तसाच उभा आहे.

माझं उत्तर एवढंच : वर दिलेल्या यादीत कुठेही कोणाला फुकट जागा द्यायची गोष्ट नाही. अडथळा कुठे आहे हे शोधायचं आणि तो काढायचा, एवढंच आहे. वर्गातल्या एका मुलाला फळा दिसत नसेल तर आपण त्याला पुढे बसवतो. त्याने इतर मुलांची एकजूट मोडत नाही. उलट दिसत नसतानाही 'सगळे एकच' म्हणत राहिलो, तर तो मुलगा शाळा सोडतो. एकजूट तेव्हा मोडते.

आपला संबंध काय?

हे नातं आपल्या मातीत जुनं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. आणि फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, तेव्हा आपल्या जातीतल्या बायकांच्या बाळंतपणाचे हाल तिने वेगळे सांगितले. स्त्री म्हणून आणि जातीमुळे, असं दोन्ही एकदम सोसणं म्हणजे काय, हे त्या लहान मुलीला कळलेलं होतं. वंश आणि जात एकच नाहीत, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण चौक ओळखायला मदत होते.

आता स्वतःबद्दल थोडं लिहिते. लिहावं की नाही, असा बराच विचार केला. विज्ञान दिनानंतर आठवड्याभराने ८ मार्च आला. शाळेत महिला दिनाचा कार्यक्रम झाला. आम्हा सगळ्या शिक्षिकांचा गुलाबाचं फूल आणि पेन देऊन सत्कार झाला. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. एका फोटोच्या अगदी कडेला पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या मावशी दिसत होत्या, हातात चहाचा ट्रे. पाहुण्यांसाठी त्या सकाळपासून किचन शेडमध्ये चहा करत होत्या. महिला दिनाच्या यादीत त्यांचं नाव कुणी घातलं नव्हतं. यादी मी केली होती.

कोणी मुद्दाम वगळलं नाही. मुद्दाम वगळावंच लागत नाही, हे मी त्याच आठवड्यात वाचत होते. तरी माझ्या हातून तेच झालं. त्या मुलीचा प्रश्न पुन्हा आठवला, "त्यापण बायकाच होत्या ना?"

दुसऱ्या दिवशी मी मावशींशी बोलले. फूल द्यायला गेले नाही, ते आता बरं दिसलं नसतं. "मावशी, काही अडचण आहे का?" एवढं विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, मानधन दोन-दोन महिने थकतं. आणि शेडमधला धूर डोळ्यात जातो, तेवढा झरोका मोठा करून द्या." फुलाची गोष्ट त्यांनी काढलीच नाही. झरोक्याचा आणि थकलेल्या मानधनाचा विषय आता शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. होतं का ते पाहू.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

इयत्ता चौथी ते सातवीसाठी हा उपक्रम घेता येईल. मुलांना शाळेत काम करणाऱ्या सगळ्या माणसांची यादी करायला सांगा. मग फळ्यावर चार चौकटी काढा : वर्गात काम करणारे पुरुष, वर्गात काम करणाऱ्या स्त्रिया, वर्गाबाहेर काम करणारे पुरुष, वर्गाबाहेर काम करणाऱ्या स्त्रिया. प्रत्येक चौकटीसाठी तीन प्रश्न : यांचं नाव आपल्याला माहीत आहे का? यांना बसायला खुर्ची आहे का? कार्यक्रमात यांचा सत्कार कधी झाला? उत्तरं मुलांनाच शोधू द्या. आपण फक्त खडू धरायचा.

पालकांनीही घरी आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंबद्दल मुलांशी हेच बोलावं. त्यांना सुट्टी किती, आजारी पडल्या तर पैसे कापले जातात का, हे मुलांसमोर मोजावं.

आणि हो, त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, "गोऱ्या बायकांवरही अन्याय होत होता. पण आपल्यावरचा अन्याय दिसला म्हणून शेजारचीवरचा दिसतोच असं नाही. तो मुद्दाम बघावा लागतो." ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग बाई, पाटी उचलणाऱ्या बाईंना कोणी मदत केली का?"

याचंही उत्तर मला देता आलं नाही. तुमच्या वर्गात हा प्रश्न आला तर मुलं काय म्हणतात, ते जरूर कळवा.